रेस उतरत नाही? जुन्या गाडीचा अडकणारा ॲक्सिलरेटर शोधून दुरुस्त करताना

पाय उचलला तरी रेस खाली येत नाही, अशी तक्रार घेऊन जुनी गाडी गॅरेजला गेली की बहुतेक वेळा एकच उपचार होतो. बॉनेट उघडायचं, केबलच्या टोकावर आणि कार्बोरेटरवर स्प्रे मारायचा, दोनदा जोरात रेस द्यायची आणि ‘झालं काम’ म्हणून सोडून द्यायचं. आठवडाभर गाडी बरी चालते, मग पुन्हा तेच. कारण अडकतंय नेमकं कुठे, हे कुणी पाहिलेलंच नसतं. पेडलपासून बटरफ्लायपर्यंत (थ्रॉटलमधली, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या वाटेतली, फिरती पट्टी) अडकायच्या जागा मोजक्या आहेत आणि त्या एकेक करून वेगळ्या तपासता येतात. तपासणीला अर्धा तास लागतो, दुरुस्ती बऱ्याचदा त्याहूनही कमी वेळात होते.

इथे मारुती ८०० डोळ्यांसमोर ठेवली आहे. डिसेंबर १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत ती बनत राहिली, त्यामुळे कार्बोरेटरवाली आणि एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी) अशा दोन्ही प्रकारच्या गाड्या अजून रस्त्यावर दिसतात. ओम्नी, जुनी झेन, जुनी अल्टो यांचीही रचना साधारण अशीच. ज्या गाडीत पेडलला केबलच नाही, नुसता सेन्सर आहे, तिला यातला मुख्यतः मॅटचा आणि चालत्या गाडीत अडकला तर काय करायचं तो भाग लागू पडतो.

चालत्या गाडीत अडकला तर

हे आधी वाचून ठेवा, कारण त्या क्षणी आठवायला वेळ नसतो. क्लच पूर्ण दाबा आणि त्याच वेळी ब्रेक दाबून धरा. ब्रेक पंप करायचा नाही. बूस्टर असलेल्या गाडीत ब्रेकला मदत मिळते ती इंजिनाच्या व्हॅक्यूमची, आणि थ्रॉटल सताड उघडा असताना इंजिन व्हॅक्यूम जवळजवळ देतच नाही. साठलेला असतो तो दोन-तीनदा पेडल सोडून दाबलं की संपतो आणि मग ब्रेक एकदम जड होतो. गिअर न्यूट्रल करा, इंडिकेटर देऊन गाडी कडेला घ्या. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्या. गाडी थांबताच चावी एक घर मागे फिरवून इंजिन बंद करा. गाडी चालू असताना चावी शेवटपर्यंत फिरवून बाहेर काढलीत तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. आणि वाकून हाताने पेडल ओढायला जाऊ नका. नजर रस्त्यावरून हटते, तेवढ्यात व्हायचं ते होऊन जातं.

एकदा असं झालं की कारण सापडेपर्यंत गाडी बाहेर काढू नये. ‘जरा जपून चालवतो’ हा यावरचा उपाय नव्हे.

अडकतंय की नुसती रेस चढलेली आहे?

या दोन तक्रारी वेगळ्या आहेत आणि लोक त्या सर्रास एक करतात. पेडल वर आलंय, कार्बोरेटरवरचा थ्रॉटलचा लिव्हर आपल्या स्टॉपरच्या स्क्रूला टेकलाय, तरी इंजिन जोरात फिरतंय, तर काहीही अडकलेलं नाही. मग चोकची (गार इंजिन सुरू करताना ओढतात त्याची) केबल पूर्ण मागे गेली नसेल, एखादा व्हॅक्यूमचा पाइप निघाला किंवा चिरला असेल, किंवा एसी लावल्यावर स्लो (पेडल न दाबता इंजिन फिरतं तो वेग) वाढवणारी यंत्रणा चालू राहिली असेल. चोकचं विशेष लक्षात ठेवा: बऱ्याच कार्बोरेटरमध्ये चोक ओढला की तो थ्रॉटलही थोडा उघडून धरतो. चोकची केबल गंजून अर्ध्यात राहिली तर डॅशबोर्डवरची नॉब आत गेलेली दिसते, पण खाली थ्रॉटल उघडा धरणारा कॅम सुटलेला नसतो.

लिव्हर स्टॉपरला टेकत नसेल, तरच पुढे वाचा.

पायाला काय जाणवतं

हात काळे करण्याआधी इंजिन बंद ठेवून, गिअर न्यूट्रल करून, हँडब्रेक ओढून पेडल दहा-बारा वेळा अगदी सावकाश दाबा आणि सोडा. पायातल्या बुटाने नको, अनवाणी. सुरुवातीलाच पेडल चिकटल्यासारखं होतं, जरा जोर दिला की टचकन सुटतं, आणि चालवताना त्यामुळेच गाडी गचका खाते? मग संशय बटरफ्लायभोवतीच्या कार्बनवर. मधेच कुठेतरी खरखर लागते आणि तिथेच परत येताना थांबतं? केबलचा पीळ उसवला असण्याची शक्यता मोठी. पूर्ण प्रवासात जड आहे, पण अडकत कुठेच नाही? केबल आतून सुकलीय किंवा कुठेतरी चेपलीय. पूर्ण दाबल्यावरच खाली राहतं? मॅट, नाहीतर बॉनेटखाली एखाद्या पाइपला किंवा ब्रॅकेटला अडणारा लिव्हर.

थंडीत सकाळी अडकतं आणि दुपारी मोकळं होतं, तर घट्ट झालेलं जुनं ग्रीस आठवा. उलट इंजिन तापल्यावर अडकत असेल तर एक्झॉस्टजवळून गेलेली केबल पाहा. तिचं आतलं अस्तर उष्णतेने मऊ होऊन तारेला धरतं.

आधी पायापाशी

सर्वांत फुकटचा आणि सर्वांत जास्त वेळा दुर्लक्षिला जाणारा भाग. ड्रायव्हरच्या बाजूची मॅट बाहेर काढा. मॅटवर मॅट घातली असेल तर दोन्ही काढा. पावसाळ्यात गालिच्याच्या मॅटवर जाड रबरी मॅट टाकायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. ती पुढे सरकते आणि तिचा वर वळलेला काठ पेडलच्या खालच्या टोकाला पकडतो. हा प्रकार क्षुल्लक समजू नका. २००९ साली अमेरिकेत सॅन डिएगोजवळ टोयोटाच्याच एका लेक्सस गाडीच्या अपघातात चार जण गेले, त्याच्या मुळाशी भलत्याच मापाची मॅट होती, आणि त्यानंतर टोयोटाला लाखो गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

मॅट काढून पेडल ठीक चालत असेल तर निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे मापाची मॅट घेणं आणि ती मागच्या बाजूला हुकने किंवा वेल्क्रोने धरून ठेवणं. सीटखाली पाण्याची बाटली ठेवू नका; ती गडगडत ब्रेकखाली गेली तर ॲक्सिलरेटरपेक्षा मोठं संकट. पट्टा नसलेली चप्पल गाडी चालवताना नकोच.

आता टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली डोकं घाला. पेडलचा दांडा जिथे ब्रॅकेटवर फिरतो तो सांधा पाहा. कोकणात, किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत तिथे तांबूस भुकटी दिसली तर तो गंज. पेडल हाताने डावी-उजवीकडे हलवून पाहा. फार हलत असेल तर आतला बुश झिजलाय आणि दांडा तिरका होऊन घासतोय. सांध्यावरची पिळाची स्प्रिंग जागेवर आहे ना, तिचं टोक सुटलेलं नाही ना, हेही बघून घ्या.

दोन तुकडे करा

सगळ्या तपासणीत हीच पायरी खरी महत्त्वाची. बॉनेट उघडा. इंजिन गार असू द्या. कार्बोरेटर किंवा थ्रॉटल बॉडीच्या बाजूला एक अर्धगोल लिव्हर दिसेल, त्याच्या खाचेत केबलच्या टोकाची धातूची गोळी बसलेली असते. लिव्हर हाताने पूर्ण उघडा, केबल ढिली पडेल, मग गोळी खाचेतून आडवी सरकवून बाहेर काढा. पक्कड लावायची गरज पडू नये. पडली तर गोळी वाकडी झालीय किंवा गंजलीय, म्हणजे एक धागा सापडला.

आता एका बाजूला नुसता लिव्हर आहे आणि दुसऱ्या बाजूला केबल व पेडल. लिव्हर बोटाने उघडा आणि सोडा. तो खटकन आवाज करत स्टॉपरवर आपटला पाहिजे. अगदी थोडा, दोन-तीन मिलिमीटर उघडूनही सोडून पाहा, कारण कार्बनची चिकट तिथेच असते. मग केबलचं सुटं टोक चिमटीत धरून ओढा आणि आत कुणाला तरी पेडल दाबायला सांगा. खरखर बोटांना लगेच कळते.

लिव्हर अडकतो की केबल, हे इथे स्पष्ट होतं. दोन्ही सुटे असताना व्यवस्थित चालतात आणि जोडल्यावरच अडकतात, तर दोष कोनात आहे: ब्रॅकेट वाकलंय, केबल लिव्हरच्या रेषेत येत नाही, किंवा ढील अजिबात उरलेली नाही.

केबलची बाजू

पेडलच्या टोकाकडूनही केबल सोडवा आणि दोन्ही टोकं नीट पाहा. बाहेरच्या आवरणातून तार जिथे बाहेर येते, तिथले दोन-तीन सेंटिमीटर सगळ्यात महत्त्वाचे. तार म्हणजे अनेक बारीक धाग्यांचा पीळ. त्यातला एखादा धागा तुटला की त्याचं टोक बाहेर वळून उभं राहतं. रेस देताना ते आवरणातून सहज बाहेर येतं, पण परत जाताना आवरणाच्या ओठाला अडतं आणि मागे दुमडून रुततं. म्हणूनच रेस देताना काहीच जाणवत नाही, अडचण फक्त परतीच्या वाटेवर. तारेवरून कापूस फिरवा. एकही तंतू अडकला तर केबल बाद. एक धागा तुटला म्हणजे बाकीचे रांगेत आहेत. तुटलेला धागा कापून, तेल सोडून पुन्हा बसवणं हा धोका आहे, आणि केबल मिळते काही शे रुपयांत.

धागे शाबूत असतील तर केबल पूर्ण काढून सरळ धरा आणि तार मागेपुढे ओढा. मग गाडीत जशी वळलेली असते तशी वळवून पुन्हा ओढा. सरळ असताना मऊ आणि वळवल्यावर खरखरीत, याचा अर्थ वळणावर अस्तर कापलं गेलंय. आवरणावर वितळल्याच्या खुणा, उंदरांचे दात, घट्ट आवळलेली प्लॅस्टिकची पट्टी हे सगळं तपासा. रंगकामानंतर किंवा गॅसकिट बसवल्यानंतर तक्रार सुरू झाली असेल तर केबलचा मार्ग मुद्दाम पाहा. मुंबई-पुण्याकडे सीएनजी किट घातलेल्या जुन्या गाड्यांत केबलच्या डोक्यावरून पाइप नेलेला असतो, किंवा गॅस हवेत मिसळणारा मिक्सर बसवल्यामुळे एअर फिल्टरचा डबा सरकून लिव्हरला टेकतो.

तेल घालायचं का? नायलॉन किंवा टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या केबलला तेलाची गरज नसते. तेल धूळ गोळा करतं आणि वर्षभरात आत काळा लगदा होतो. फार तर सिलिकॉन स्प्रेचा हलका फवारा. गंज सोडवायचा स्प्रे तात्पुरता मोकळेपणा देतो, उडून गेला की केबल पूर्वीपेक्षा कोरडी. आतून जड झालेली केबल बदलायचीच.

नवी केबल जुनीच्या शेजारी ठेवून लांबी, टोकं आणि नट बसतो त्या आट्यांची लांबी जुळवा. कार्बोरेटरवाल्या आणि एमपीएफआय ८०० ची केबल एकच समजून घेऊ नका. दुकानात मॉडेलचं वर्ष सांगा. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) रबरी बुशातून ती घालताना बुश नीट बसवा, नाहीतर आवरण मागेपुढे सरकत राहतं. जुनी ज्या वाटेने गेली होती तीच वाट धरा, एक्झॉस्टपासून लांब, कुठेही तीव्र वळण न देता.

मग ढील. इंजिनाकडच्या ब्रॅकेटवर दोन नट असतात; ते मागेपुढे करून पेडल मोकळं असताना तारेला दोन-चार मिलिमीटर ढील ठेवा. गाडीचं मॅन्युअल हाताशी असेल तर त्यातला आकडा धरा. ढील जास्त झाली तर थ्रॉटल पूर्ण उघडणार नाही, म्हणून आत कुणाला तरी पेडल तळापर्यंत दाबायला सांगून लिव्हर शेवटपर्यंत जातो का पाहा. अजिबात ढील नसेल तर लिव्हर स्टॉपरपासून उचललेला राहतो आणि स्लो कधीच बसत नाही. दोन्ही नट एकमेकांवर घट्ट करायला विसरू नका.

कार्बोरेटर किंवा थ्रॉटलची बाजू

एअर फिल्टरचा डबा काढा. काढताना नट-वॉशर खिशात, कार्बोरेटरच्या काठावर नको. आत पडलेला वॉशर बटरफ्लायखाली जाऊन बसला की अडकण्याचं आणखी एक कारण तुम्हीच तयार केलंत. वरून दिसते ती चोकची पट्टी, खरा बटरफ्लाय तळाशी. चोक उघडा धरून टॉर्च मारा. बटरफ्लायच्या पट्टीच्या काठाला आणि भोवतालच्या भिंतीवर काळं, चमकदार कडं दिसेल. इंजिनातून परत येणाऱ्या तेलकट वाफा तिथे साचून हे बनतं. पट्टी बंद होते ती नेमकी या कड्यात रुतून, म्हणून सुरुवातीचा तो चिकटपणा.

खिडक्या-दारं उघडी असलेल्या जागी, विडी-सिगारेट आणि कुठलीही ज्योत लांब ठेवून, कार्बोरेटर क्लीनर फडक्यावर घ्या आणि काठ पुसा. लिव्हर हाताने उघडून पट्टीच्या दोन्ही बाजू आणि भिंत जुन्या टूथब्रशने घासा. स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका. भिंत मऊ धातूची असते. हातमोजे आणि चष्मा हवा, हा स्प्रे डोळ्यांत उडतो. लिव्हरच्या बाहेरचा सांधा आणि स्प्रिंगांच्या आकड्यांतला चिखलही याच स्प्रेने जातो.

एमपीएफआय गाडीत थ्रॉटल बॉडीसाठी असलेला क्लीनर वापरा, आणि बाजूला बसवलेल्या थ्रॉटल पोझिशन सेन्सरवर स्प्रेची धार धरू नका. त्याचे स्क्रूही ढिले करू नका, त्याची जागा ठरवून बसवलेली असते. थ्रॉटलच्या स्टॉपर स्क्रूला तर हातच नको. कधीकाळी कुणीतरी स्लो कमी करायला तो मागे घेतलेला असला, तर पट्टी स्टॉपरवर न थांबता थेट भिंतीत जाऊन पाचर बसते, आणि कितीही साफ केलं तरी पहिला चिकटपणा जात नाही. कार्बोरेटरमध्ये स्लोचा स्क्रू पूर्ण बाहेर काढून ठेवला असेल तर तिथेही हेच होतं. पट्टी भिंतीला टेकणार नाही इतका तो आत घ्या, मग स्लो रीतसर सेट करा.

सफाईनंतर महिन्या-दोन महिन्यांत तेच काळं कडं परत आलं तर दोष कार्बोरेटरचा नाही. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर आहे का पाहा, वाफा परत नेणारा पीसीव्ही पाइप तुंबला आहे का पाहा. दोन्ही ठीक असतील तर बहुतेक पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, आणि तो खर्च वेगळा.

साफ करूनही लिव्हर अडकत असेल तर लिव्हर धरून वर-खाली हलवा. शाफ्ट खुळखुळत असेल तर झिजलाय, पट्टी तिरकी होऊन भिंतीला घासते. नुकतंच कुणी कार्बोरेटर खोललं असेल तर पट्टी मध्यावर बसवलेली नसते, किंवा खालचं गॅस्केट आत डोकावून पट्टीला अडवतं. पट्टीचे दोन चिमुकले स्क्रू सुटून इंजिनात गेले तर मोठं नुकसान, म्हणून शाफ्ट आणि पट्टीचं काम कार्बोरेटरचा हात बसलेल्या मेकॅनिककडेच द्या.

स्प्रिंगचा जुगाड

बऱ्याच जुन्या गाड्यांत लिव्हरला मुळातच एकाहून जास्त स्प्रिंग असतात, एक तुटली तर दुसरी थ्रॉटल बंद करावी म्हणून. एखादी गायब असेल तर तीच बसवा. पण अडकणारा थ्रॉटल बंद व्हावा म्हणून बाहेरून जादा कडक स्प्रिंग अडकवणं मला अजिबात पटत नाही. पेडल जड होतं, केबलवर ताण वाढतो आणि उसवलेला पीळ दिसेनासा होतो. घेतलेल्या गाडीत अशी उपरी स्प्रिंग दिसली तर ती काढा आणि ती कशासाठी लावली होती ते शोधा.

इंजिन हललं तर

सगळं नीट आहे, उभ्या गाडीत अडकत नाही, पण क्लच सोडताना गाडी आपोआप रेस घेते आणि गचके देते. मग इंजिनाचे माउंटिंग तपासा. ८०० चं इंजिन आडवं बसवलेलं आहे. रबर फाटलं की जोर येताच ते पुढे-मागे झुकतं, केबल बॉडीला बांधलेली असते, आणि झुकलेलं इंजिन ती ओढून थ्रॉटल उघडतं. जागा मोकळी ठेवून, हँडब्रेक आणि ब्रेक दोन्ही दाबून, क्लच जरासाच सोडायला सांगा, एकदा पहिल्यात, एकदा रिव्हर्समध्ये. पाहणाऱ्याने बाजूला उभं राहायचं, गाडीच्या पुढे किंवा मागे नाही. इंजिन ठळकपणे उडी मारत असेल तर माउंटिंग बदला. केबलची ढील वाढवून हा दोष लपतो, जात नाही.

गाडी बाहेर काढण्याआधी

एअर फिल्टरचा डबा परत बसवल्यावर लिव्हर पुन्हा तपासा, कारण डब्याचा पाइप आता त्याच्याजवळ आलाय. इंजिन बंद असताना पेडल तळापर्यंत दाबून एकदम सोडा, लिव्हर प्रत्येक वेळी स्टॉपरवर खटकन यायला हवा. मग न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करून थोडी थोडी रेस द्या. सफाईनंतर पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ लागला, धूर आला, तर तो आत राहिलेला क्लीनर जळतोय. एसी असेल तर लावून आणि बंद करून दोन्ही वेळा पाहा. इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालू ठेवा आणि पुन्हा हीच परीक्षा घ्या; गारठ्यात पास झालेली केबल उष्णतेत नापास होऊ शकते.

पहिली चक्कर रिकाम्या रस्त्यावर, दिवसाउजेडी, कमी वेगात. नवी केबल सुरुवातीला थोडी बसते आणि ढील किंचित वाढते, म्हणून पाचशे-एक किलोमीटरनंतर नट पुन्हा पाहून घ्या. जुनी केबल धागे शाबूत असतानाच बदलली असेल तर ती मोठ्या वेटोळ्यात गुंडाळून डिकीत ठेवा. लांबच्या प्रवासात नवीच तुटली तर गॅरेजपर्यंत पोहोचवेल.